सव्वासातची वेणी

आमच्या वस्तीवर सकाळी घड्याळ बघायची कुणाला गरज पडत नसे. सव्वासात वाजले की माझी लेक किंचाळायची. त्या आवाजावर शेजारच्या काकी भाताला आधण ठेवायच्या आणि पलीकडच्या घरातली पोरं दप्तरं शोधायला लागायची. काकी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी जाऊ. त्यांच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड काय ते आडवं. एकदा त्या मला अगदी कौतुकानं म्हणाल्या, "तुझ्या पोरीचं येक बरं हाय बग. लाईट चुकंल, पर हिची येळ चुकायची न्हाय." मी हसले. दुसरं काय करणार? त्यांच्या भाताला आधण येत होतं तेव्हा माझ्या पोरीचा जीव जात होता, हे त्यांना सांगून कळलं नसतं. मला तरी ते कुठं नीट कळलं होतं?

ती किंचाळायची ते वेणी घालताना. रोज, सणवार न बघता.

लेक तेव्हा सात वर्षांची होती. घरात तिला आम्ही बाय म्हणतो. कळंबच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. दोन एकर पेरू, बाकी ऊस. बायचे वडील लोणी देवकरला एका कारखान्यात दुपारच्या पाळीला जातात आणि सकाळी बाग बघतात. बाय चार वर्षांची असताना बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे. एका कागदावर 'स्वमग्नता' असंही लिहून दिलं होतं. तो शब्द मला काही पटला नाही. मग्न कसली? घरातला प्रत्येक आवाज पोरगी आमच्या आधी ऐकायची. दुधाची मोटारसायकल वळणावर यायच्या आधी ती कानावर हात ठेवून मोरीत जाऊन उभी राहायची. आम्हीच आपले आपल्यात मग्न होतो.

अशा पोरीबरोबर राहताना घर आपोआप बदलतं. आमचा मिक्सर कपाटाच्या वरच्या फळीवर गेला तो गेलाच. चटणी पुन्हा पाट्यावर आली, आणि येणारेजाणारे बोटं चाटत विचारायला लागले की हिची चव अशी कशी. कुकर गोठ्याच्या कडेला शेगडीवर लागायचा, कारण शिट्टी वाजली की बाय भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. ती फक्त पांढरं खाते: भात, दूध, भाकरीतलं मऊ मऊ. लग्नाला आम्ही नवराबायको जोडीनं गेल्याला कितीतरी वर्षं झाली होती. डीजे वाजणार म्हटल्यावर एकानं घरी थांबायचं. बहुतेक वेळा थांबणारी मीच, आणि मग पाहुणे म्हणणार, "सूनबाईला मिजास फार, कुठं यीत न्हाय." मिजास! अंगावरच्या साडीला निऱ्या घालायला फुरसत नव्हती मला.

हे सगळं आम्ही निभावून नेत होतो. माणसाला सवय होते. पण वेणीची सवय ना तिला झाली, ना मला.

तिच्या डोक्याला हात लावलेला तिला सोसत नसे. फणी तर दिसता कामा नये. आमच्या घरात फण्या टिकायच्याच नाहीत. आज आणलेली उद्या गायब. मी बाजारातल्या बांगडीवाल्याकडे एकदम अर्धा डझन घ्यायला लागले तेव्हा तो म्हणाला, "वैनी, दुकान टाकताय का?" मग एका उन्हाळ्यात आम्ही अंगणातल्या हौदाचा गाळ काढला. तळाला अकरा फण्या निघाल्या. बाय प्रत्येक फणी नेऊन हौदात सोडून येत होती, न बोलता, न गाजावाजा करता. आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसलो आणि दुसऱ्या दिवशी सव्वासातला बारावी फणी घेऊन मी बसले.

तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर केस कापायचे. तेच तर सांगायचं आहे.

सासूबाईंना आम्ही सगळ्या सुना आत्या म्हणतो. आत्यांनी उभा जन्म शेतात काढला. नवरा लवकर गेला, तरी पाण्याच्या पाळीला कुणापुढं मान वाकवली नाही. बोलायला फटकळ, पण नातीवर जीव असा की पेरूतला पांढरा मगज बिया काढून काढून तिला भरवायच्या. बाय तीन वर्षांची झाली तेव्हा तिचं जावळ काढायचं होतं. तोवर तिच्या तोंडून एक शब्द आलेला नव्हता. आत्या तिला घेऊन नरसिंहपूरला गेल्या आणि देवापुढं बोलून आल्या: नात बोलायला लागली की तिच्या वजनाचा गूळ वाटीन. तोवर हिच्या केसाला कात्री लागणार न्हाय आन माझ्या तोंडाला गूळ लागणार न्हाय.

उसाच्या पट्ट्यात राहून गूळ सोडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल. शेजारी गुऱ्हाळ लागलं की गरम गुळाची वाटी घरोघर येते. आत्या ती वाटी हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि माझ्याकडं द्यायच्या. दिवाळीत नाही, संक्रांतीत नाही. चार वर्षं. अशा बाईपुढं नवस मोडायची गोष्ट काढायला माणूस दगडाचं हवं.

मी दगडाची नव्हते, आणि आणखी एक. ते कबूल करायला मला फार वेळ लागला. नवसावर माझाही जीव अडकला होता. वरवर मी चिडायचे, देवाला केसांशी काय देणंघेणं असं नवऱ्याला सुनवायचे. पण आत कुठंतरी वाटायचं, कापले आणि त्यामुळंच ती बोलायची राहिली तर? मला 'आई' ऐकायचं होतं. अजूनही ऐकायचं आहे. खोटं कशाला बोलू?

म्हणून रोज सव्वासातला आम्ही तिघी बसायचो. आत्या बायचे हात धरायच्या, मी वेणी घालायचे, बाय किंचाळायची. केस कमरेच्या खाली गेले होते. एके दिवशी तिनं माझ्या मनगटाचा चावा घेतला आणि मी हातातल्या फणीनं तिच्या पाठीत मारलं. फणीचे दोन दात मोडले. पाठीवर उठलेल्या वळाकडं बघून मी मोरीत जाऊन रडले. त्या दिवशी माझी मलाच किळस आली.

आठवड्यातून एकदा मी बायला बारामतीला अशा मुलांच्या सेंटरमध्ये न्यायचे. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाली तर सगळी बस आमच्याकडं बघणार. तिथल्या मॅडम वयानं लहान, पण नजर पक्की. त्यांनी माझ्या मनगटावरचे दातांचे वळ पाहिले आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, हे नखरे नाहीत. तिला खरंच दुखतं. आपल्याला नुसता स्पर्श वाटतो, तिला वेदना होते. केस बारीक करा." मी म्हटलं, "नवस आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "घरी एकदा सांगून बघा."

सांगून बघितलं. आत्या म्हणाल्या, "म्याडमला काय जातंय बोलायला? तिनं सोडलाय का गूळ?"

आणि मग ती जट आली.

मानेच्या वर, डाव्या कानामागं बाय मला फणी लावूच देत नव्हती. मी वरवर विंचरून तिथला गुंता आत दाबायचे. लोक कचरा सतरंजीखाली सारतात तसं. महिन्याभरात तिथं दोरखंडासारखी कडक, चपटी गुंतवळ तयार झाली. मी ती वेणीत लपवत होते. पण एका दुपारी वेणी सुटली आणि काकींची नजर गेली. त्या दोन पावलं मागं सरल्या, हात जोडले.

"अगं बाय बाय! जट हाय ही! देवीचं बोलावणं हाय. अक्का, हिला कात्री लावायची न्हाय हां आता. कंदीच न्हाय."

अक्का म्हणजे माझ्या आत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्याकडं जट म्हणजे काय हे पुन्हा सांगायला नको. ती एकदा देवीची ठरली की पोर देवीचं ठरतं. मंगळवार-शुक्रवारी बाया ओट्या घेऊन येतात, पोरीच्या पायावर डोकं ठेवतात, आणि ती बाहुली होऊन बसते. बोलत नाही म्हटल्यावर तर सोन्याहून पिवळं, देवच अंगात आहे म्हणतील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काकी, देवीबिवी काय न्हाय, माझा हात पोचत न्हाय तितं. गुतावळा हाय तो!" मी घरात गेले, शिवणाची कात्री घेऊन आले. आत्या दारात आडव्या उभ्या.

"आदी मला काप," त्या म्हणाल्या, "मग तिला."

त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एका घरात, एका चुलीवर. "चहा ठेवलाय म्हणावं," असं मी भिंतीला सांगायचे. आत्या म्हशीला उत्तर द्यायच्या. नवरा बिचारा मध्ये भरडला गेला. तो बागेत जास्त वेळ थांबायला लागला आणि बायला बरोबर न्यायला लागला. आणि काकींच्या ओळखीतल्या दोघी बायका खरंच एका मंगळवारी हळदकुंकू घेऊन आल्या. मी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. पण किती दिवस पाठवणार होते? आत्यांनी एकदा 'या' म्हटलं असतं तर माझं कोण ऐकणार होतं?

मे महिन्याच्या शेवटी, पेरूची छाटणी सुरू असताना, आत्यांना नागीण झाली. कपाळाच्या डाव्या बाजूपासून वर केसांत फोडांची रांग. इंदापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डोळा तपासला, डोळा वाचलाय म्हणाले. बायला कांजिण्या होऊन गेल्या होत्या, त्यामुळं तिला लांब ठेवायची गरज नव्हती. पण आत्यांचे हाल बघवत नव्हते. ज्या बाईनं विळा लागून बोट लोंबत असताना उसाची सरी तोडून पुरी केली होती, ती बाई नुसता वारा आला तरी कळवळायची. आयुष्यात पहिल्यांदा त्या डोक्यावर पदर न घेता बसल्या, कारण पदराचं ओझंसुद्धा सोसत नव्हतं. रुसवा कधीच गळून पडला होता. मी त्यांना पेज भरवत होते.

चौथ्या दिवशी सकाळी आत्या ओट्यावरच्या बाजेवर बसल्या होत्या. बाय पायरीवर पेरूच्या छाटलेल्या काड्या ओळीनं मांडत होती. मी ताक घुसळत होते. काकी आल्या, हातात तेलाची वाटी आणि फणी.

"अक्का, किती दीस आसं इस्कटल्या डोक्यानं बसायचं? लोक बगत्यात. हलक्या हातानं येणी घालते."

"नगं गं," आत्या म्हणाल्या. "दुखतंय."

"येवढं काय दुखतंय? गप बसा जरा."

आणि काकींनी फणी लावली.

आत्या किंचाळल्या. तो आवाज मला ओळखीचा होता. माझा रवीवरचा हात थांबला. तोच आवाज होता, सव्वासातचा, फक्त सत्तर वर्षांच्या गळ्यातून आलेला.

बाय उठली. काकींजवळ गेली. त्यांच्या हातातून तिनं फणी काढून घेतली, ओढून नाही, नीट बोटं सोडवून. मग अंगण ओलांडून हौदाकडं गेली, फणी पाण्यात सोडली, ती बुडेपर्यंत बघत राहिली, आणि परत येऊन काड्या मांडायला बसली.

काकींचा हात तसाच हवेत. आत्या पाण्यानं भरल्या डोळ्यांनी नातीकडं बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "हिला रोज आसं हुतं?"

माझ्या जिभेवर चार वर्षांचं साठलेलं सगळं आलं. मॅडमनी सांगितलेलं, मी सांगितलेलं, कात्री, भिंतीशी बोललेले तीन आठवडे. पण एकदाची देवानं मला बुद्धी दिली. मी एवढंच म्हणाले, "व्हय आत्या. रोज."

"मला चार दिसांत देव आठवला," त्या म्हणाल्या. "हिनं चार वरसं काढली. आन मी हात धरायची गं तिचं. मी धरायची."

त्या रडल्या. मीही रडले. ती मारलेली फणी मला आठवली आणि मी ती गोष्ट त्यांना सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. त्यांनी मला बोल लावला नाही. रोज सव्वासातला पोरगी गळा फाडून 'नको' म्हणत होती, आणि आम्ही दोघी बसून तिच्या बोलण्याची वाट बघत होतो.

काकी पुटपुटल्या, "पर अक्का, जट... देवीचा कोप हुईल."

"देवीला मी तोंड देते," आत्या म्हणाल्या. "म्हणावं, चूक म्हातारीची हाय, पोरीची न्हाय." मग माझ्याकडं वळून, "उद्याच कापायचं."

मी म्हटलं, "तुमचं जरा बरं हुंद्या, मग बघू."

"बरं झाल्यावर कशाला? बरं झालं की इसरंन मी."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. दुखणं संपलं की दुखण्याची अक्कलही जाते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

आता कापायचे कसे? जावळाला मामाची मांडी लागते, पण आमची बाय बापाच्या मांडीवर बसत नाही तर मामाला कुठून भीक घालणार? न्हाव्याचं मशीन ऐकलं असतं तर ती थेट कालव्यापर्यंत पळाली असती. शिवणाची कात्री तिनं त्या भांडणात पाहिली होती, तिचंही भय बसलेलं. युक्ती शेवटी बायच्या वडिलांना सुचली. ते फार बोलत नाहीत, पण बायचं त्यांना माझ्यापेक्षा कळतं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

छाटणी करताना त्यांची एक पद्धत आहे. फांदी धरायची, "ही?" असं विचारायचं, थोडं थांबायचं, आणि मग कात्री दाबायची. कट्. बाय त्यांच्या मागून ओळीनं चालते, पडलेली काडी उचलते आणि पुढच्या 'ही?'ची वाट बघत उभी राहते. त्या कात्रीच्या आवाजाला ती कधीच भ्याली नव्हती. काय येणार हे तिला आधी कळायचं, म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत गेलो. आत्या मुलाच्या हाताला धरून, डोकं उघडं, झाडाच्या सावलीत पोत्यावर बसल्या. नवऱ्यानं दोन झाडं छाटली. "ही?" कट्. "ही?" कट्. कात्री पुसून, स्पिरिटनं धुऊन त्यानं आईच्या हातात दिली. कापायचं तर मीच, असं त्यांनी बजावलं होतं. नवस ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा.

आत्यांनी बायच्या डोक्याला हात लावला नाही. जट खांद्याखाली लोंबत होती तिचं नुसतं टोक दोन बोटांत धरलं, बायच्या डोळ्यांसमोर आणलं, आणि मुलगा विचारतो तसं विचारलं, "ही?"

बायनं जटेकडं पाहिलं. कात्रीकडं पाहिलं. ती पळाली नाही.

कट्.

जट पेरूच्या पाल्यात पडली. बायनं वाकून ती उचलली आणि छाटलेल्या काड्यांच्या ओळीत शेवटी ठेवून दिली. देवीचा कोप व्हायचा तर तेव्हाच व्हायला हवा होता. फक्त एक साळुंकी ओरडली.

सगळे केस एका दिवसात निघाले नाहीत. रोज दोन झाडं आणि चार बटा असा हिशोब बसला. आत्या थकल्या की बायचे वडील कापायचे. पाचव्या दिवशी डोकं मोकळं झालं, पण कसं? एका बाजूला बोटभर, दुसरीकडं पेरभर, मागं पायऱ्या पायऱ्या. मी नवऱ्याला म्हटलं, "पेरूला तरी यापरास नीट छाटता." तो म्हणाला, "पेरू हलत न्हाय." कापलेले केस आत्यांनी पांढऱ्या फडक्यात बांधून देवळीत ठेवले.

त्यानंतरची पहिली सकाळ. सव्वासात वाजले. मी सवयीनं उठून उभी राहिले आणि हातांचं काय करायचं ते मला सुचेना. बाय पायरीवर बसून दूधभात खात होती. नवऱ्यानं दोन कप चहा आणला आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून तो प्यालो. गरम. इतक्या वर्षांत मी सकाळचा चहा निवलेला, साय धरलेलाच प्याले होते. शेवग्यावर कुठला पक्षी बोलतो हेही मला त्या दिवशी कळलं.

साडेसातच्या सुमारास काकी धावत आल्या, पदर खोचलेला, हात ओले.

"बाय बरी हाय न्हवं गं? आज आवाज न्हाय आला! माझा भात ऱ्हायला की टाकायचा!"

मला हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकी घाबरल्या, नवरा पाठीवर थोपटायला लागला. चार वर्षं छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचललं होतं. मी म्हटलं, "काकी, आता घड्याळ घ्या एक."

एवढ्यावर हे थांबलं असतं तरी मला पुरलं असतं. पण आत्यांचा गूळ राहिला होता. त्या पुन्हा नवसाचं बोलल्या नाहीत. चहा बिनगुळाचाच घ्यायच्या. मला वाटलं, नवस मोडला म्हणून आता गूळ जन्मभर सोडला असेल. विचारायचा धीर झाला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी, उन्हं उतरताना, आत्या बाजेवर बसल्या होत्या. फोडांच्या खपल्या पडल्या होत्या, ठणका कमी होता. बाय जवळ येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर आता मखमलीसारखे केस आले होते आणि ती ते स्वतःच्याच तळव्यानं घासत होती. आत्यांचा हात सवयीनं वर गेला आणि मध्येच थांबला.

"लावू का गं?" त्यांनी विचारलं.

त्या बायला काही विचारत नसत. घरात कुणीच विचारत नसे. उत्तर येणार नाही हे माहीत असलं की माणूस विचारायचं सोडतं. आत्यांचा हात हवेत तसाच. मी दारात निवडायचं ताट घेऊन बसले होते. रस्त्यावरून रिकामा ट्रॅक्टर गेला, धूळ बसली, तरी आत्यांनी हात हलवला नाही.

मग बाय एक पाऊल पुढं आली आणि तिनं आपलं डोकं त्या तळव्याखाली घातलं. नुसतं घातलं नाही, वासरू ढुशी देतं तसं जोरात दाबलं. आणि तसंच ठेवलं.

आत्यांनी मला हाक मारली. "आयकलंस का गं? बोलली."

मी ताट खाली ठेवलं. "काय बोलली?"

"व्हय म्हणली."

मी म्हटलं, "आत्या, देव म्हणंल, फसवलं आमाला."

"देवाला आपल्यापरास जास्त आयकू येतंय," त्या म्हणाल्या. "गूळ सांगून ठेव."

आम्ही नरसिंहपूरला गेलो. मुद्दाम साध्या वाराला, गर्दी नसताना. सेंटरमध्ये बायचं वजन केलेलं होतंच, तेवढ्या गुळाच्या ढेपा भाड्याच्या जीपच्या मागच्या सीटवर. संगमावर भीमा-नीरेचं पाणी संथ होतं. आत्यांनी फडक्यातले केस, ती जट, सगळं पाण्याला दिलं. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. चांगलं लांबलचक बोलल्या मात्र.

देवळात पुजाऱ्यांनी विचारलं, कशाचा नवस? आत्या ताठ मानेनं म्हणाल्या, "नात बोलली."

"वा वा!" पुजारी बायपुढं वाकले. "नाव काय बाळ तुझं?"

बाय वरच्या घंटेकडं बघत राहिली. पुजाऱ्यांनी पुन्हा विचारलं. मी मान खाली घातली. हीच वेळ मी बसमध्ये, लग्नघरात, शाळेच्या दारात किती वेळा सोसली होती.

आत्यांनी ढेपेचा एक खडा फोडला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून त्या तो चघळत राहिल्या. चार वर्षांचा उपास होता तो. मग दुसरा खडा घेऊन त्यांनी बायपुढं धरला. "खातीस का गं?"

बायनं त्या तपकिरी खड्याकडं पाहिलं आणि आत्यांचा हात हळूच, पण ठामपणे, बाजूला सारला.

आत्या तोंडात गूळ घोळवत खळखळून हसल्या. "बगा म्हाराज," त्या पुजाऱ्यांना म्हणाल्या, "काय म्हणली? न्हाय म्हणली!"